पाड्यावरचे ज्ञान एआयमध्ये आणताना: रानभाज्यांच्या एका बोलक्या मदतनीसाची बांधणी

पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतल्या आठवडे बाजारांत शेवळांच्या जुड्या येऊ लागतात आणि त्या विकणारी बाई गिऱ्हाइकाला जुडीबरोबर काकडाची हिरवी, आंबट फळेही घ्यायला लावते. शेवळ हा सुरणाच्या जातकुळीतला रानकोंब आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, टोकदार स्फटिक असल्यामुळे नीट न शिजवता खाल्ला तर घसा खाजतो. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकतात, उरलेला कोंब बारीक चिरतात आणि काकडाबरोबर, ते न मिळाल्यास चिंचेबरोबर, शिजवतात. इंटरनेटवरच्या मजकुरावर तयार झालेले भाषिक मॉडेल शेवळाच्या भाजीची कृती सांगेलही, पण काकड हे चवीसाठी नसून भाजी खाण्याजोगी होण्यासाठी आहे, ही बाब त्याच्या उत्तरात येईलच याची शाश्वती देता येत नाही. ती बाजारात बसलेल्या त्या वारली, कातकरी किंवा ठाकर बाईला ठाऊक असते आणि बहुधा कोठेही लिहिलेली नसते.

असे ज्ञान एआयच्या आधारे चालणाऱ्या साधनात आणू पाहणारे अभियांत्रिकी महाविद्यालयांचे गट, स्वयंसेवी संस्था आणि छोट्या कंपन्या यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणादाखल आपण रानभाज्यांचा एक बोलका मदतनीस बांधत आहोत असे धरू: पाड्यावरच्या शाळकरी मुलाने किंवा कामासाठी शहरात राहणाऱ्या मुलीने फोनवर आपल्या बोलीत प्रश्न विचारायचा आणि तिला पाड्यातल्याच जाणत्या माणसाचे उत्तर मिळायचे. कामाला हात घालण्यापूर्वी एक कसोटी ठरवून घ्यावी. पाड्याने उद्या "हे काढून टाका" असे म्हटले, तर ते आपल्याला खरोखर काढून टाकता येईल का? ज्या रचनेत या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे येते ती रचना, कितीही स्वस्त आणि सोयीची असली तरी, या कामासाठी घेऊ नये. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय याच कसोटीवरून निघतात.

जाहीर करणे म्हणजे राखणे नव्हे

या विषयात सर्वांत रुळलेला गैरसमज हळदीच्या लढ्यातून आलेला आहे. जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिले आणि जुने लेखी पुरावे मांडून १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले. या घटनेवरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की ज्ञान लिहून जाहीर केले की ते सुरक्षित झाले.

पेटंटपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही. एआयच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा होतो. जे उघडे ठेवले ते आपोआप गोळा केले जाते, मॉडेलच्या प्रशिक्षणात मिसळते आणि नंतर कोणालाही त्यातून वेगळे करता येत नाही. शिवाय ते डिजिटल ग्रंथालय आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांसारख्या ग्रंथबद्ध परंपरांसाठी आहे आणि त्याचे दरवाजे कित्येक वर्षे गोपनीयतेच्या करारांखाली पेटंट कार्यालयांपुरतेच उघडे होते, हे ही कथा सांगणारे सहसा सांगत नाहीत. मौखिक ज्ञानाला तेवढेही कुंपण नाही. म्हणून ध्वनिमुद्रणे गोळा करून ती मुक्त परवान्याखाली एखाद्या सार्वजनिक संग्रहात टाकायची, ही तंत्रज्ञांची आवडती सवय येथे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावी लागते.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडच्या काइताइया गावातील ते हिकू मीडिया या माओरी प्रसारण संस्थेने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी २०१८ मध्ये लोकांना वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे आवाहन केले आणि सुमारे दहा दिवसांत अडीच हजारांच्या आसपास लोकांकडून तीनशे तासांहून अधिक आवाज जमा झाला. त्यावर त्यांनी स्वतःचे वाक्-ओळख, म्हणजे बोललेले शब्द ओळखणारे, मॉडेल उभे केले, पण मूळ सामग्री कोणाला विकली नाही आणि मुक्तही केली नाही. त्यांचा परवाना मालकीपेक्षा राखणदारीच्या कल्पनेवर उभा आहे: ही सामग्री आम्ही लोकांच्या वतीने सांभाळतो आणि तिचा उपयोग त्या लोकांच्या भल्यासाठी होत असेल तरच देतो. आदिवासी डेटाविषयीची २०१९ ची केअर तत्त्वेही सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता या चार गोष्टींवर भर देतात. आपल्याकडे हेच करायचे तर ती राखणदारी कोणाकडे असेल, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागेल.

परवानगी कोणाची

कागदावर पाहिले तर उत्तर तयार आहे. पेसा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांना पंचायत राज लागू करणारा कायदा, १९९६ चा. त्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास सक्षम मानले आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ३(१)(ट), म्हणजे इंग्रजी प्रतीतील 'के' उपकलमाने, जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक संपदा हक्क मान्य केला आहे. जैविक विविधता कायदा २००२ आणि त्याखालील नियमांनी प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने तयार करायची लोक जैवविविधता नोंदवही सांगितली. या कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपाच्या काही बंधनांतून सूट दिली, त्यामुळे "हे तर आयुर्वेदात आहेच" असे म्हणून पाड्याला वगळण्याचा मोह वाढला आहे, तो टाळावा. व्यक्तीच्या आवाजासाठी आणि नावासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही ध्यानात ठेवावा, मात्र तो व्यक्तीपुरता आहे आणि सामूहिक ज्ञानाच्या प्रश्नाला स्पर्श करत नाही.

प्रत्यक्षात अडचण ग्रामसभा कोणती, येथे येते. महसुली गावाच्या ग्रामसभेत पाड्याचा आवाज अनेकदा ऐकू जात नाही आणि कातकरी वस्ती तर पुष्कळदा इतरांच्या वर्चस्वाखालील गावाच्या कडेला, काही ठिकाणी घराखालची जमीनही नावावर नसलेल्या अवस्थेत असते. सरपंचाचा ठराव मिळाला म्हणजे त्या वस्तीची संमती मिळाली असे धरू नये. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट दिली आहे. जेथे तसे झाले आहे तेथे त्या पाड्याच्या ग्रामसभेकडे जावे, आणि जेथे झालेले नाही तेथेही पाड्याची वेगळी बैठक घ्यावी. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या रायगडमधल्या कातकरी वाड्यांना पेसाचा आधार नाही, पण वनहक्क कायदा तेथे लागू आहेच.

बैठक कशी चालावी यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाचे उदाहरण पुरेसे आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावाची. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि ग्रामसभेत विषय येण्यापूर्वी त्यावर अभ्यास गटात चर्चा होते. एआयसारख्या विषयाला हा क्रम फारच उपयोगी पडतो. थेट ग्रामसभेत जाऊन सादरीकरण करण्याऐवजी आधी आठ-दहा जणांच्या अभ्यास गटात बसावे, फोनवर एखादा तयार मदतनीस उघडून त्यांनाच प्रश्न विचारू द्यावेत आणि तो कोठे चुकतो ते त्यांनाच सापडू द्यावे. आपण काय करणार आहोत हे माहितीपत्रकापेक्षा त्या अर्ध्या तासात अधिक स्पष्ट होते.

वेळही पाहावी. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आषाढात लावणीची घाई असते. लावणी उरकल्यानंतर आणि दिवाळीच्या आधी जे आठवडे मिळतात त्यांतच बैठका घ्याव्यात, अन्यथा पाड्यावर उरलेल्या चार म्हाताऱ्यांची सही घेऊन संमती झाली असे होते. रानभाज्यांचे ज्ञान मुख्यतः बायकांचे आहे आणि सभेत पुढे बसणारे पुरुष असतात, म्हणून बायकांची बैठक वेगळी घ्यावी आणि तिचा नकार हा नकारच धरावा.

संमतीपत्र एकच नसावे. किमान चार गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: आवाज जपून ठेवू का, त्या आवाजावर बोली ओळखणारे मॉडेल शिकवू का, सांगितलेली माहिती मदतनीसाच्या उत्तरांत वापरू का, आणि हे उद्या तिसऱ्या कोणाला देऊ का. पहिल्याला हो म्हणणारी बाई चौथ्याला नाही म्हणू शकते, आणि पुष्कळदा म्हणतेच. हे सारे तिच्या बोलीत विचारून तिचे उत्तर ध्वनिमुद्रित करावे. न वाचता येणाऱ्या कागदावर घेतलेला अंगठा फक्त आपल्या फाइलीला उपयोगी असतो.

काय घेऊ नये

घ्यायच्या गोष्टींची यादी सगळेच करतात. न घ्यायच्या गोष्टींची यादी पाड्याबरोबर बसून आधी करावी. भगताचे औषध, सुईणीचे उपाय, देवराईशी निगडित विधी हे रानभाज्यांच्या बोलण्यात सहज येऊन जातात, कारण सांगणाऱ्याच्या मनात भाजी, औषध आणि देव यांचे कप्पे वेगळे नसतात. बोलण्याच्या ओघात आलेली अशी माहिती मुद्रणानंतर त्याच दिवशी सांगणारीला ऐकवून, "हे ठेवायचे का?" असे विचारून कापून टाकावी.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. फोनने काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश लपलेले असतात आणि ते पुसले नाहीत तर औषधी वनस्पतीचा पत्ताच आपण वाटत सुटतो. सफेद मुसळीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे: जिच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे अशी ही वनस्पती बाजारातील मागणीमुळे अनेक जंगलांतून ओरबाडली गेली. तेव्हा साधनात जाणाऱ्या प्रत्येक छायाचित्रातून स्थानाची माहिती काढावी आणि नोंदीत तालुक्यापेक्षा बारीक ठिकाण देऊ नये.

मात्र ही स्थानमाहिती फेकूनही देऊ नये. वनहक्क नियमांनुसार सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी कंदमुळे आणि रानफळे गोळा करण्याच्या पारंपरिक जागा हा ग्राह्य पुरावा आहे आणि वडीलधाऱ्यांचे जबाबही चालतात. म्हणजे ज्या माहितीने मदतनीसाला काही फायदा नाही तिनेच पाड्याच्या दाव्याला बळ मिळू शकते. ती वेगळ्या फाइलीत, फक्त ग्रामसभेच्या प्रतीत द्यावी आणि आपल्या सर्व्हरवर तिची प्रत ठेवू नये.

नोंद कशी करावी

तंत्रज्ञ सहसा वनस्पतीचे नाव, शास्त्रीय नाव, उपयोग आणि कृती अशा चार रकान्यांचा तक्ता घेऊन जातात, आणि शेवळासारखी भाजी त्या तक्त्यात बसवली की काकड कृतीतल्या साहित्याच्या यादीत मीठ-मिरचीच्या शेजारी जाऊन पडते. त्यापेक्षा मुलाखत तक्त्याशिवाय घ्यावी, शक्यतो भाजी खुडताना आणि निवडताना, आणि तक्ता नंतर भरावा.

शेवळाची नोंद नीट केली तर तिच्यात पुढील गोष्टी असतील. सांगणारीचे मूळ ध्वनिमुद्रण हीच मुख्य नोंद. लेखी उतारा तिला जोडलेला. नाव पाड्यात जसे उच्चारतात तसे, आणि शेजारच्या पाड्यांतली वेगळी नावे पर्याय म्हणून. हंगाम इंग्रजी महिन्यांत न लिहिता "पहिल्या पावसानंतर कोंब वर आला की, पान फुटण्याआधी" असा, कारण पाऊस लांबला की जूनचा अर्थ बदलतो. काय काढून टाकायचे ते स्वतंत्रपणे, काकडाचे काम खाज मोडण्याचे आहे हे कारणासह, आणि काकडाच्या जागी काय चालते व काय चालत नाही तेही. किती खुडायचे आणि काय मागे ठेवायचे, म्हणजे कंद उपटायचा नाही हा दंडक, हीदेखील माहितीच आहे. ती "इतर टिपा" या रकान्यात ढकलू नये. शेवटी कोण सांगते, कोणाकडून शिकली, आणि ही नोंद कोणी, केव्हा ऐकावी याच्या अटी.

अटींसाठी नव्याने काही शोधण्याची गरज नाही. लोकल काँटेक्स्ट्स या उपक्रमाने पारंपरिक ज्ञानासाठी खुणा तयार केल्या आहेत: हे ज्ञान ठरावीक ऋतूतच ऐकण्याचे, हे बायकांमध्ये राहण्याचे, हे पवित्र किंवा गुप्त, हे व्यापारासाठी नाही. या खुणा नोंदीसोबत यंत्राला वाचता येईल अशा रूपात ठेवाव्यात आणि शोध घेणाऱ्या भागाने प्रत्येक वेळी आधी त्या तपासाव्यात. खूण केवळ पडद्यावर दिसत असेल आणि नोंद मात्र सर्वांना मिळत असेल, तर ती खूण शोभेची ठरते.

यंत्राचे काम कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे

ज्ञान मॉडेलच्या भारांमध्ये, म्हणजे प्रशिक्षणातून ठरणाऱ्या त्याच्या आतल्या आकड्यांमध्ये, मुरवायचे की बाहेर वेगळ्या साठ्यात ठेवायचे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक निर्णय आहे. नोंदींवर मॉडेलला पुढचे प्रशिक्षण दिले तर त्या लाखो-कोटी आकड्यांमध्ये विरघळतात आणि एक नोंद अचूक बाहेर काढण्याचा भरवशाचा मार्ग आज उपलब्ध नाही. म्हणजे आपली पहिली कसोटीच बुडाली. म्हणून पाड्याच्या नोंदी नेहमी बाहेरच्या साठ्यात ठेवाव्यात, प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि प्रश्न आला की त्या वेळी साठ्यातून योग्य नोंद शोधून आणावी.

आणखी एक पाऊल पुढे जाण्याची माझी शिफारस आहे. रानभाज्यांच्या साधनात काहीशे नोंदी असतील. एवढ्यासाठी मॉडेलकडून नवे उत्तर रचून घेण्याची गरजच नाही. यंत्राने प्रश्न ऐकावा, समजून घ्यावा, योग्य नोंद शोधावी आणि त्या बाईचे मूळ ध्वनिमुद्रणच ऐकवावे. असे केल्याने मॉडेलने मनाने काही घालण्याचा धोका संपतो, सांगणारीचा आवाज आणि नाव तिच्या ज्ञानापासून तुटत नाही, आणि नोंद काढली की उत्तरही नाहीसे होते. ज्यांना एआय म्हणजे सफाईदार परिच्छेद लिहिणारे यंत्र एवढेच ठाऊक आहे त्यांना हे मागासलेले वाटते. देणगीदारांना तर हमखास वाटते.

प्रश्न ऐकण्याचा भाग अवघड आहे आणि तेथे प्रशिक्षण टाळता येत नाही. भारतीय भाषांसाठीची बहुतेक खुली वाक्-ओळख मॉडेले राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांभोवती बांधलेली आहेत आणि त्या यादीत आदिवासींच्या भाषा म्हणून संथाळी आणि बोडो याच आहेत. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आणलेल्या आदिवाणी या भाषांतर साधनाची सुरुवात संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी यांनी झाली. वारली आणि कातकरी बोलींसाठी मराठीचे मॉडेल पाया म्हणून घेऊन त्यावर थोड्या तासांच्या मुद्रणाने प्रशिक्षण देणे व्यवहार्य आहे, कारण या बोली मराठीच्या जवळच्या आहेत. गोंडीसाठी तो पाया चालत नाही, ती द्राविडी कुळातली आहे.

मुद्रण संकुचित न केलेल्या वेव्ह स्वरूपात करावे. मॉडेलला द्यायच्या वेळी ते सोळा किलोहर्ट्झवर आणता येते. कोंबडी, पोरे, पत्र्यावर वाजणारा पाऊस हे सगळे थोड्या प्रमाणात मुद्रणात राहू द्यावे, कारण विचारणारा माणूस स्टुडिओत बसून विचारणार नाही. मॉडेलच्या मूळ भारांना हात न लावता लोरासारख्या तंत्राने बाहेरून जोडायचा एक छोटा भाग, म्हणजे जोडभाग, शिकवावा. बोलणाऱ्यांपैकी एखादीने आपला आवाज मागे घेतला तर तिची मुद्रणे वगळून तो जोडभाग पुन्हा शिकवणे थोड्या खर्चात होते. तोपर्यंत तिच्या आवाजाचा अंश जुन्या जोडभागात राहील, हे मात्र संमती घेतानाच सांगितलेले असावे.

प्रश्न समजून घेण्यासाठी बाहेरच्या कंपनीची सेवा वापरली तर प्रत्येक प्रश्न, आणि सोबत पाठवलेली प्रत्येक नोंद, त्या कंपनीच्या यंत्रावर जाते. ती सामग्री प्रशिक्षणासाठी वापरली जाणार का, किती दिवस ठेवली जाणार, हे करारात वाचावे आणि स्पष्ट नसेल तर सेवा घेऊ नये. या आकाराच्या कामाला खुल्या भारांचे लहान मॉडेल आपल्याच संगणकावर पुरते.

काढून टाकण्याची रंगीत तालीम साधन लोकांच्या हाती देण्यापूर्वी करावी. एक चाचणीची नोंद टाकावी, मग ती काढण्याची विनंती आली असे समजून मूळ मुद्रण, लेखी उतारा, शोधासाठी केलेली संख्यारूपे, तात्पुरते साठे आणि राखीव प्रती या सगळ्यांतून ती काढावी आणि नंतर वेगवेगळ्या शब्दांत प्रश्न विचारून ती कोठून डोकावते का ते पाहावे. विसरल्या जातात त्या राखीव प्रती आणि चमूतल्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर राहिलेली जुनी फाइल.

तपासणी

शब्दांच्या चुकांची टक्केवारी हे वाक्-ओळखीचे नेहमीचे माप येथे फसवे ठरते. वाक्यातले नऊ शब्द बरोबर आले आणि दहावा शब्द, भाजीचे नाव, चुकला तर उत्तर पूर्ण चुकते. म्हणून वनस्पतींची नावे, त्यांचे भाग आणि नकारार्थी शब्द यांची अचूकता वेगळी मोजावी. "खायचे" आणि "खायचे नाही" यांत गफलत करणारे साधन बाजारात नेऊ नये.

परीक्षेचे प्रश्न पाड्यातल्या बायकांनी काढावेत. त्या असे प्रश्न काढतात जे आपल्याला सुचत नाहीत: हंगाम उलटल्यावर कुर्डू चालतो का, टाकळा किती मोठा झाला की सोडून द्यायचा, शेवळासारखा दिसणारा पण न खाण्याचा कोंब कोणता. कंदांच्या बाबतीत विशेष जपावे. कडू कंद राखेच्या पाण्यात उकळून आणि पाणी पुन्हा पुन्हा बदलून कडूपणा काढल्याशिवाय खात नाहीत. ही पायरी गाळलेले उत्तर माणसाला दवाखान्यात पोचवू शकते. त्यामुळे येथे चुकांचे वजन सारखे धरता येत नाही: खाण्याजोग्या भाजीला "माहीत नाही" म्हटले तर एक जेवण हुकते, विषारीला "खा" म्हटले तर जीव जातो. साठ्यात नेमकी नोंद सापडली नाही तर साधनाने "पाड्याच्या नोंदींत हे नाही, जाणत्या माणसाला विचारा" एवढेच म्हणावे. छायाचित्रावरून वनस्पती ओळखून ती खाण्याजोगी आहे का हे सांगण्याची सोय देऊच नये, कोणी कितीही मागितली तरी. उलटी, गरगरणे असे शब्द प्रश्नात आले तर कोणतीही नोंद न ऐकवता १०८ आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र सांगावे.

पैसा

केरळमधील कानी आदिवासींचा अनुभव या बाबतीत वारंवार सांगितला जातो. अगस्त्य पर्वतराजीत फिरणाऱ्या संशोधकांना कानी वाटाड्यांनी आरोग्यपच्चा या वनस्पतीचा थकवा घालवणारा गुण सांगितला, त्यावरून जीवनी हे औषध तयार झाले आणि परवान्याच्या रकमेचा निम्मा वाटा कानींना देण्याचे ठरले. आदर्श म्हणून ते गाजले. पण माहिती मोजक्या माणसांकडून आली होती, पैसे घेणारा न्यास नंतर उभा राहिला आणि समाजातल्या काही पारंपरिक वैदूंनी या देवाणघेवाणीला विरोध नोंदवला. वाटा किती, यापेक्षा तो कोणाला आणि कोणी ठरवला यावरून समाज दुभंगतो, हे त्यातून घ्यावे.

व्यवहारात दोन पैसे वेगळे ठेवावेत. मुद्रणासाठी, तपासणीसाठी, प्रश्न काढण्यासाठी दिलेल्या वेळेचा मोबदला त्या व्यक्तीला, त्याच दिवशी आणि मजुरीच्या दरापेक्षा चांगल्या दराने द्यावा. ती भाषातज्ज्ञाचे काम करते आहे. ज्ञानाच्या वापराचा वाटा मात्र व्यक्तीला न देता पाड्याने ठरवलेल्या खात्यात जावा. जैविक विविधता कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे, पण तो निधी ग्रामपंचायतीच्या पातळीवर असल्याने पाड्यापर्यंत पैसा पोचेल का हे विचारून घ्यावे. साधनातून पुढे कोणी व्यापारी उत्पादन काढू लागला, तर नव्याने ग्रामसभेकडे यावे लागेल असे कलम पहिल्याच करारात घालावे, कारण त्या वेळी आपला चमू तेथे असेलच असे नाही.

निधी संपल्यावर

असे प्रकल्प बहुतेक दोन-तीन वर्षांच्या निधीवर चालतात आणि निधी संपला की सर्व्हरचे भाडे थकते, संकेतशब्द ज्याच्याकडे होता तो नोकरी बदलतो आणि मुद्रणे कोणाच्या तरी क्लाउड खात्यात पडून राहतात. याची तजवीज सुरुवातीच्या ठरावातच लिहावी. सगळी मुद्रणे, उतारे आणि अटींच्या खुणा यांची पूर्ण प्रत दोन हार्ड डिस्कवर ग्रामसभेकडे द्यावी. एक पाड्यावर, दुसरी जवळच्या आश्रमशाळेत किंवा पाडा सांगेल तेथे. इंटरनेट नसताना फोनवर उघडणारी, फक्त ऐकण्याची साधी आवृत्ती बरोबर द्यावी, म्हणजे साधन बंद पडले तरी आजीचा आवाज नातवाला ऐकता येतो. संमतीला मुदत असावी, तीन वर्षे ठीक, आणि मुदत संपण्यापूर्वी कोणी येऊन ती नव्याने घेतली नाही तर साधनाने त्या नोंदी देणे आपोआप बंद करावे. ही तारीख प्रत्येक नोंदीच्या रकान्यात पहिल्या दिवसापासून भरलेली असावी आणि ती तपासणारा कोड कोणाच्या आठवणीवर अवलंबून नसावा.